घाटात काही घडलं नाही, त्या संध्याकाळी

बारामती काय, इंदापूर काय, दोन्ही तालुके सपाट. नीरेचा डावा कालवा, त्याच्या अंगाला ऊस, निमगाव केतकीच्या बाजूला डाळिंब, भिगवणला उजनीचं पसरलेलं पाणी. घाट बघायचा तर आम्हाला रोटी नाहीतर दिवे घाट गाठावा लागतो. तरीही जुलै लागला की आमच्या दूध संकलन केंद्रावर आल्प्स आणि पिरेनीजच्या घाटांवरून वाद झडतात. युरोपात दुपार उतरत असते तेव्हा आपल्याकडे धारा काढून झालेल्या असतात. माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी असतात, फॅट लागेपर्यंत हाताशी वेळ असतो आणि भिंतीवरच्या टीव्हीवर टूर द फ्रान्स चाललेली असते. सुरुवातीला मी एकटाच बघायचो. मग शाळकरी पोरं थांबायला लागली, त्यांच्यामागं त्यांचे बाप, आणि आता आजोबा मंडळीही आघाडीवरच्याची पिवळी जर्सी कुणाच्या अंगावर आहे ते आल्या आल्या विचारतात.

या मंडळींबरोबर मी रंगलेले टप्पे पाहिले तसे साफ पडलेलेही पाहिले. डोंगरातला टप्पा पडला की जास्त लागतं. सकाळपासून आस लावून बसावं, ढगांत शिरणारा रस्ता दिसावा, आणि वर पोचेपर्यंत कुणी उसळी मारूच नये! अशा संध्याकाळी रांगेतून जे बोल ऐकू आले आणि त्यांना उत्तरं शोधताना जे हाती लागलं, ते इथं मांडतो. आता सायकलची आंतरराष्ट्रीय शर्यत बारामतीच्या दारात येऊन गेली आहे. नव्यानं बघायला लागलेल्यांना याचा उपयोग व्हावा, ही मनापासून इच्छा आहे.

१. ओरडणाऱ्याला गप्प करू नये

टप्पा थंड पडला की पहिला आवाज येतो तो असा: "आरं, ह्यातला कुणी हलणार हाय का न्हाय?" दुसरा म्हणतो, "समदे एकामागं एक. ह्याला शर्यत म्हनायची व्हय?" मग कुणीतरी रिमोट मागतो. अशा वेळी जाणकारानं "तुला यातलं कळत नाही" असं म्हणणं म्हणजे एक प्रेक्षक कायमचा घालवणं.

जत्रेच्या फडात दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसतेच उभे राहिले की भोवतालचं कडं ओरडायला लागतं. "डाव टाक! निकाली कर!" पंचांनाही ते ऐकावं लागतं. ही माणसं काही कुस्तीची वैरी नसतात. दोन-तीन गावं ओलांडून, उन्हात मातीवर बसून ती कुस्तीसाठीच आलेली असतात. घाटात काही घडत नाही म्हणून कावलेला माणूस असाच आपला माणूस आहे. ज्याला काहीच वाटत नाही तो चिडत नाही, किटली उचलून घरी जातो. चिडलेल्याला डाव दाखवावा, म्हणजे तो उद्या पुन्हा येतो.

२. आधी रस्ता बघावा, मग माणसाला बोलावं

१२ जुलै २००९ चा टप्पा मी आजही उदाहरण म्हणून सांगतो. सँ-गोदँस ते तार्ब. वाटेत तूरमाले, पिरेनीजमधला नावाजलेला घाट, २११५ मीटर उंचीचा. नाव ऐकूनच लोक सरसावून बसावेत असा. पण तूरमालेचा माथा होता शेवटच्या रेषेच्या सुमारे सत्तर किलोमीटर अलीकडं. मोठ्या नावांपैकी कुणीही तिथं जिवावर उदार झालं नाही. सगळे जोखून-मापून वर गेले, खाली उतरले आणि टप्पा पुढं निसटलेल्यांपैकी पिएरिक फेद्रिगोनं जिंकला. जगभरच्या चाहत्यांनी त्या दिवशी नाक मुरडलं.

दोष कुणाचा? माथ्यावर एखाद्यानं मिनिटभराची आघाडी घेतली असती, तरी पुढं उतार आणि दरी मिळून सत्तर किलोमीटर त्याला एकट्यानं वारा कापायचा होता. मागं दहा-वीस जण आळीपाळीनं पुढं येणार. सपाटीवर दुसऱ्याच्या चाकामागं बसलं की ताकद साधारण एक तृतीयांशानं वाचते. एकटा पुढं गेलेला माणूस या हिशेबात बसतच नाही. तो पकडला जाणार, दमणार, आणि दुसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजणार. सायकलवाल्यांना हे पाठ असतं म्हणून ते हलत नाहीत.

हा हिशेब आमच्या लोकांना फ्रान्सच्या नकाशावरून समजावायला वेळ लागला असता. सुदैवानं घरचं उदाहरण होतं. पुणे-बारामती सायकल स्पर्धेत दिवे घाट लागतो तो सुरुवातीलाच. जेमतेम चारेक किलोमीटरचा चढ, माथ्यावर विठ्ठलाची उंच मूर्ती, मग सासवड. तिथून जेजुरी-मोरगाववरून बारामती धरली तर पुन्हा सत्तरच्या आसपास किलोमीटर, बहुतेक सगळे आडोसा नसलेल्या उघड्या माळाचे. तूरमाले ते तार्ब आणि सासवड ते बारामती, अंतराचं गणित जवळजवळ एकच! मुंबई-पुणे सायकल शर्यतीचंही तेच. बोरघाट संपतो खंडाळा-लोणावळ्याला, पुढं पुण्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर उरतात. म्हणून तर आपल्याकडे "घाटाचा राजा" हा मान वेगळा दिला जातो. घाट शर्यतीचा निकाल ठरवत नाही हे जुन्या संयोजकांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी घाटाला त्याचा स्वतःचा निकाल दिला. टूरमध्ये डोंगरात गुण मिळवणाऱ्यासाठी लाल ठिपक्यांची जर्सी असते, तिचाही अर्थ हाच.

तेव्हापासून मी टप्पा सुरू होण्याआधी एकच गोष्ट बघतो: शेवटच्या माथ्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत किती अंतर आहे. शून्य असेल तर चहा आधीच पिऊन घ्यावा. चाळीस-पन्नासच्या वर असेल तर अपेक्षा बेताची ठेवावी आणि शिव्या द्यायच्याच तर रस्ता आखणाऱ्याला द्याव्यात.

३. संथ दिसतं ते संथ नसतं

टीव्हीवर चढ कळत नाही. कॅमेरा मोटरसायकलवर असतो, तोही त्याच वेगानं वर जात असतो. त्यामुळं आठ टक्क्यांचा चढ डांबरी पट्टीसारखा सपाट दिसतो आणि ताशी वीस-बावीस किलोमीटरनं चढणारा घोळका फिरायला निघालेला वाटतो.

प्रत्यक्षात काय चाललेलं असतं? पिवळ्या जर्सीवाल्याच्या संघातली माणसं एकापुढं एक लागतात. पहिला जीव तोडून ओढतो, संपतो, बाजूला होतो, मग दुसरा, मग तिसरा. ताकद मोजायचं यंत्र सायकललाच बसवलेलं असतं. चढाच्या शेवटी ही ताकद शरीराच्या दर किलोमागं सहा वॅटच्या आसपास जाते. पासष्ट किलोच्या माणसाला म्हणजे चारशेला टेकलेले वॅट, तेही अर्धा-पाऊण तास. या वेगातून कुणाला सुटायचं तर त्याला याच्याही वर जावं लागतं आणि वर गेल्यावर तिथंच राहावं लागतं. ते जमणारे जगात दोन-चारच असतात. म्हणजे "काही घडत नाही" ही स्थिती कुणीतरी घाम गाळून तयार केलेली असते. २०१२ च्या टूरमध्ये स्काय संघानं ब्रॅडली विगिन्ससाठी हेच केलं. ला तूसुइरच्या चढावर त्यांचाच ख्रिस फ्रूम पुढं निघाला, तर त्याला कप्तानासाठी थांबावं लागलं. लोक फार चिडले होते. मलाही तो टप्पा आवडला नव्हता, आजही आवडत नाही. पण तो सोपा होता असं मी म्हणणार नाही.

अशा वेळी नजर घोळक्याच्या तोंडावरून काढून शेपटीवर न्यावी. पुढचे सगळे सारखेच दिसतात. मागं खरा तमाशा असतो. एखाद्याचे खांदे हलायला लागतात. तो जर्सीची चेन खाली ओढतो, तोंड उघडं पडतं, पुढच्या चाकात आणि त्याच्या चाकात वीतभर अंतर पडतं, मग हातभर. तो उभा राहून ते भरून काढतो. दुसऱ्यांदा भरून काढतो. तिसऱ्यांदा त्याला जमत नाही. आमच्याकडची एक म्हातारी आई, तिला नावं येत नाहीत, पण ती बरोबर सांगते, "त्यो निळ्या अंगरख्याचा आता ऱ्हातोय मागं." आणि तो राहतो.

४. फरक फळ्यावर लिहावा

केंद्रात दुधाच्या दराचा फळा आहे. त्याच्या कोपऱ्यात मी टूरच्या दिवसांत पहिल्या पाच जणांमधला वेळेचा फरक खडूनं लिहितो. नुसतं चित्र बघून कोण का थांबलंय ते उमगत नाही, आकडा बघितला की उमगतं. २०२५ च्या टूरमध्ये अठराव्या टप्प्यानंतर पहिल्या क्रमांकावरचा तादेय पोगाचर दुसऱ्या क्रमांकावरच्या योनास विंगेगोरच्या ४ मिनिटं २६ सेकंद पुढं होता. दोन दिवस आणि पॅरिस उरलेलं. अशा माणसानं घाटात जीव का टाकावा? त्याला घरी पोचायचं आहे. आणि दुसऱ्या क्रमांकावरच्यानं सगळं पणाला लावून तिसऱ्यावर घसरण्याची जोखीम का घ्यावी? आकडा वाचल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "मग आज काय व्हनार न्हाय." त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

५. लम्पीचा दिवस

हा टप्पा मी सविस्तर सांगणार आहे, कारण तो आमच्या भागाला जितका कळला तितका सायकलिंगच्या जुन्या मुलखांतही अनेकांना कळला नसेल.

२५ जुलै २०२५, एकोणिसावा टप्पा, आल्बेरव्हिल ते ला प्लान्य. त्या टूरमधला डोंगरमाथ्यावर संपणारा शेवटचा टप्पा. मुळात जवळपास १३० किलोमीटरचा आणि पाच चढांचा. आदल्या संध्याकाळी बातमी आली की कॉल दे सेझी हा घाट गाळला आहे आणि टप्पा ९३ किलोमीटरवर आला आहे. कारण? त्या घाटाजवळच्या एका कळपात गुरांना संसर्ग झाला होता. गुरं मारावी लागली होती, आणि त्या शेतकऱ्यांच्या दुःखाच्या जागेवरून गाजावाजा करत ताफा न्यायचा नाही, रोगही पसरू द्यायचा नाही, असं ठरलं.

रोगाचं फ्रेंच नाव सांगितलं तेव्हा कुणाला काही कळलं नाही. अंगावर गाठी येतात, डास-माश्यांनी पसरतो, दूध एकदम उतरतं, असं सांगितल्यावर रांगेतून एकाच वेळी चार जण म्हणाले, "लम्पी!"

२०२२ चा पावसाळा इथं कुणी विसरलेलं नाही. जनावरांचे बाजार बंद, बैलगाडा शर्यती बंद, गोठ्यागोठ्यांत गोट पॉक्सची लस टोचायची धांदल, कडुनिंबाचा पाला पेटवून धूर, गोचीड-माश्यांवर फवारे. आपल्याकडे आजारी जनावर वेगळं बांधून, औषधपाणी करून जगवायची धडपड चालते. फ्रान्समध्ये एका जनावराला लागण झाली तर अख्खा कळप मारायचं धोरण होतं. हे मी सांगितलं तेव्हा केंद्रात कुणी बोललं नाही. ज्याचा स्वतःचा गोठा आहे त्याला कळप मारणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

संध्याकाळी टप्पा सुरू झाला. तिकडं पाऊस, ओला रस्ता, शेवटी ला प्लान्यचा एकोणीस किलोमीटरचा चढ. इनिओस संघाचा, नेदरलंड्सचा थायमन आरेन्समन चढावर पुढं निघाला. मागं पोगाचर, विंगेगोर आणि मोजकेच उरले. सगळ्यांना वाटलं, आता पोगाचर उठणार, दोन मिनिटांत पोराला गाठणार, नेहमीसारखा. तो उठला नाही. विंगेगोरही त्याच्या मागं बसून राहिला. किलोमीटरमागून किलोमीटर गेले, आरेन्समन थोड्याच अंतरावर पुढं. शेवटी तो दोन सेकंदांनी जिंकला, विंगेगोर दुसरा, पोगाचर तिसरा.

जगभर चाहते हिरमुसले. शेवटचा मोठा घाट, दोघं जगातले पहिले-दुसरे, आणि झुंज नाही. आमच्याकडंही एक तरुण वैतागून म्हणाला, "एवढा घाट वाया घालवला राव." त्यावर ज्याच्या गोठ्यात बावीस साली लम्पीनं गाय गेली होती असा एक शेतकरी म्हणाला, "वाया न्हाय गेला. त्यांनी त्या गोठ्याचा मान राखला. मग शर्यत जराशी कमी झाली तर झाली."

मला हे उत्तर सुचलं नसतं. रस्ता ही सायकलिंगची जागा आधी कुणाची तरी असते: शेतकऱ्याची, गुराख्याची, बाजाराला निघालेल्याची. शर्यत तिथं पाहुणी म्हणून येते. स्टेडियममधल्या खेळाला ही मर्यादा नाही आणि ही श्रीमंतीही नाही. त्या दिवशी टप्पा फिका झाला यात शंका नाही, सेझी आणि त्याच्या आधीचा चढ गेला, पाय आधीच दमवायची संधी कमी झाली, आणि सगळा भार शेवटच्या चढावर पडला. पण कारण कळल्यावर ते फिकेपण मला खुपलं नाही. ते मला आजही खुपत नाही.

६. पहिला-दुसरा सोडून बघावं

त्याच संध्याकाळी एक लढाई जिवावर उठून चालली होती. तिच्याकडं निम्म्या लोकांचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या क्रमांकावर जर्मनीचा फ्लोरियान लिपोविट्झ, चौथ्यावर स्कॉटलंडचा ऑस्कर ऑनली, मध्ये फक्त २२ सेकंद. पॅरिसच्या व्यासपीठावर एकच जागा, आणि तरुण रायडरची पांढरी जर्सीही त्यातच अडकलेली. ला प्लान्यच्या अगदी शेवटी ऑनली तुटला. ज्या पोरानं तीन आठवडे साथ सोडली नव्हती त्याच्या पायातलं बळ शेवटच्या दोन किलोमीटरांना पुरलं नाही. एका चढावर २२ सेकंदांचं १ मिनिट ३ सेकंद झालं. व्यासपीठ ठरलं.

ज्यांनी पोगाचरवर नजर खिळवली त्यांना टप्पा कंटाळवाणा वाटला. ज्यांनी फळ्यावरची तिसरी-चौथी ओळ वाचली होती ते खुर्चीच्या टोकावर होते. एकच चढ, एकच टीव्ही.

७. आखूड टप्पा म्हणजे चुरस, असं काही नाही

२०१८ च्या टूरमध्ये सतराव्या टप्प्याला फक्त ६५ किलोमीटर ठेवले, सुरुवातीला मोटारींच्या शर्यतीसारख्या रांगा लावल्या, खूप बोलबाला झाला. रांगांचा काही परिणाम झाला नाही. सगळे पहिल्याच वळणांत एकत्र आले. कॉल दु पोर्तेवर नैरो किन्ताना जिंकला आणि पिवळी जर्सी गेरंट थॉमसच्या अंगावर आणखी घट्ट झाली. नव्या कल्पना कराव्यात, माझी ना नाही, पण चाहत्याला शोभेच्या रांगा नकोत, चढ योग्य जागी हवा.

८. थकलेल्याला भित्रा म्हणू नये

पोगाचर २०२५ च्या टूरच्या त्या आठवड्यात गप्प-गप्प दिसत होता. मुलाखतीत हसत नव्हता, घाटात उठत नव्हता. लोकांनी अंदाज बांधले: कंटाळला, माजला, मुद्दाम सोडून देतोय. शेवटच्या आठवड्यात गुडघा दुखत होता, हे त्यानं बऱ्याच दिवसांनी सांगितलं. शर्यत चालू असताना कुणी आपलं दुखणं सांगत नाही, प्रतिस्पर्धी ऐकत असतात.

आमच्याकडं हा मुद्दा पोरांना फार लवकर पटतो. शाळेच्या मैदानी स्पर्धांत पायाला पट्टी बांधून पळालेली पोरं इथं आहेत. मोठ्या माणसांना वेळ लागतो. कारण आपण ज्याला मोठा मानलं त्यानं रोजच मोठं असावं, असा आपला हट्ट असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की टप्प्याला नावं ठेवावीत, खुशाल ठेवावीत. तीन हजारांहून जास्त किलोमीटर आलेल्या माणसाच्या हिमतीला ठेवू नयेत. आणि हाच पोगाचर ला प्लान्यनंतर दोन दिवसांनी पॅरिसमध्ये, सगळं जिंकून झालेलं असताना, मोंमार्त्रच्या फरसबंदी चढावर पावसात उसळ्या मारत होता. तो टप्पा वाउट व्हान आर्टनं नेला, पण आमच्या केंद्रातली रांग त्या रात्री दूध घालून झाल्यावरही मोडली नव्हती.

९. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं वेगळं शास्त्र आहे

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. १९ ते २३ जानेवारी, आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या वेळापत्रकातली, अनेक टप्प्यांची. तिसरा टप्पा पुरंदरहून बारामतीत आला. इंदापूरकडून आम्ही पोरं-बाळं घेऊन गेलो. रस्ता चकाचक, दोरखंड लावलेले, शाळांची मुलं झेंडे घेऊन उभी, पोलिसांच्या शिट्ट्या.

खूप वेळ वाट बघितली. आधी मोटारसायकली, मग गाड्या, मग वर हेलिकॉप्टरचा शोध घेणाऱ्या माना, आणि मग तो आवाज. टीव्हीवर तो कधी नीट ऐकू येत नाही. शेकडो साखळ्यांचा आणि टायरांचा एकत्र घुमणारा आवाज, आणि त्याच्याबरोबर अंगावर येणारा वाऱ्याचा झोत. रंग दिसले, चेहरे दिसले नाहीत, संपलं. शेजारी उभ्या असलेल्या एका मावशींनी विचारलं, "एवढंच व्हय?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यावर मला सांगता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. एक, शक्य असेल तर चढावर किंवा वळणावर उभं राहावं, सरळ सपाट रस्त्यावर नाही. वेग कमी झाला की माणसं दिसतात. दोन, मोबाइल खिशात ठेवावा, कारण चित्रण घरी जाऊन कुणी बघत नाही. तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची: घोळका गेला म्हणून निघू नये. मागं राहिलेले अजून यायचे असतात. कुणी पडलेला, गुडघ्याला रक्त; कुणाचं चाक पंक्चर झालेलं; कुणी फक्त संपलेला. त्यांच्या मागं वाजतगाजत कुणी येत नाही. आमच्या पोरांनी त्या दिवशी अशा प्रत्येकासाठी घसा सुकेपर्यंत आरडाओरडा केला. त्यातल्या एकानं हँडलवरचा हात उचलून पोरांना दाखवला. ती पोरं आता सायकल मागताहेत. घरी वाद चालू आहेत, आणि मी उघडपणे पोरांच्या बाजूनं आहे.

१०. नुसतं नावं ठेवून थांबू नये, रस्ता मागावा

सपाट मुलखातल्या माणसानं घाट मागणं विचित्र वाटेल. पण आमच्याकडून घाटापर्यंत रस्ता जातो, फक्त उलट्या दिशेनं. आजवर आपल्याकडच्या शर्यती बहुतेक करून पुण्याकडून निघतात आणि बारामतीत संपतात. म्हणजे चढ आधी, माळ नंतर. तूरमालेची चूक आपल्या भूगोलातच बसलेली. ती उलटी फिरवून बघा. इंदापूरला सुरुवात करा. बेलवाडी, भवानीनगर, काटेवाडीवरून बारामती. हा पालखीचा रस्ता आहे, इथल्या लोकांना कडेला उभं राहून वाट बघायची पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. पुढं मोरगाव, जेजुरी, सासवड. बारामती ते सासवड जमीन कळत-नकळत दोनशे मीटरच्या वर चढते, टीव्हीवर दिसणार नाही पण पायांना कळेल. मग नारायणपूरवरून पुरंदर किल्ल्याचा रस्ता आणि शेवटची रेषा वर. किल्ला तेराशे मीटरच्या वर आहे, चढ खडा आहे, वळणं अंगावर येणारी आहेत. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर.

अडचणी आहेत हे मला माहीत आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, परवानगी लागेल. वरचा रस्ता अरुंद आहे, गाड्यांचा ताफा खालीच थांबवावा लागेल. ऊसतोडीच्या हंगामात शर्यत ठेवली तर कारखान्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या एक दिवस थांबवण्यासाठी आधी बोलावं लागेल, आणि ज्यांची रोजी त्यावर आहे त्यांचा दिवस भरून द्यावा लागेल. हे सगळं लिहून आम्ही एक अर्ज तयार केला आहे, नकाशासकट. नकाशा नववीतल्या एका मुलीनं काढला आहे. तिनं शेवटच्या माथ्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचं अंतर लाल शाईनं लिहिलं आहे: ०.